उभी गाडी

रविवारी सकाळी दीक्षा गाडी सुरू करायला खाली उतरली, तेव्हा पुढच्या काचेवर वायपरखाली एक कागद खोचलेला होता. ‘सदर वस्तू वाहन असल्यास चालवावी. घर असल्यास दारावर नाव लावावे. दोन्ही नसल्यास हलवावी.’ खाली सही नव्हती, पण तिची गरजही नव्हती. शिरोरेषा पट्टीनं ओढल्यासारखं हे अक्षर सोसायटीचे अध्यक्ष रंगनाथराव यांचं होतं. लिफ्टमध्ये ‘बटण एकदाच दाबावे, लिफ्टला ऐकू येते’ असंही त्यांनीच लिहून ठेवलं होतं. दीक्षाला आधी हसू आलं. हडपसरच्या या सोसायटीत इतकी वर्षं काढल्यावर असल्या पाट्या कोणी मनावर घेत नाही. तिनं कागदाची घडी करून कुडत्याच्या खिशात टाकली, गाडीचं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला, आणि तिथंच तिचं हसू थांबलं. दारावर नाव लावावे. रंगनाथरावांच्या मनात तसं काही नसणार, हे तिला कळत होतं. ते सगळ्यांनाच असं लिहायचे. कुत्रं पाळणाऱ्यांना, कुंड्या ठेवणाऱ्यांना, सायकलवाल्यांना. तरी वर तिच्या स्वतःच्या फ्लॅटच्या दारावर नुसतं ‘सौरभ – दीक्षा’ एवढंच लिहिलेलं होतं, आडनाव नव्हतं, हे तिला या क्षणी कोणीतरी दंडाला धरून दाखवल्यासारखं दिसलं. सुटसुटीत दिसतं, असं पाटी करताना सौरभ, तिचा नवरा, म्हणाला होता. हो, सुटसुटीत दिसतं, असं तीही म्हणाली होती.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. करोनाचे दिवस सरल्यावर सौरभनं ती विकत घेतली आणि फुरसुंगीच्या एका शेडमध्ये आतली बाकं काढून पलंग, ओटा, सिंक, पाण्याची टाकी, छपरावर सोलर अशी सगळी रचना करून घेतली. बाहेरून पांढरा रंग मारला, पण दाराच्या फटीत शाळेचा पिवळा अजून डोकावायचा. त्या दिवसांत सौरभच्या तोंडी लडाख आणि स्पितीशिवाय दुसरं काही नसे. प्रत्यक्षात ते दोनदा कोकणात जाऊन आले. मग त्याचं हिंजवडीचं ऑफिस पुन्हा भरायला लागलं. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज क्लच दाबत जाणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी स्टिअरिंग डोळ्यांसमोर नको झालं, कंबर धरली, आणि गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. सौरभचा उत्साह संपला तिथून दीक्षाचा सुरू झाला. उभी गाडी नुसती उभी राहत नाही, हे तिला हळूहळू कळत गेलं. टायर एका बाजूनं चपटे होतात, बॅटरी आपोआप उतरते, टाकीतल्या पाण्याला वास धरतो, रबर वाळून तडकतं, घुशी येऊन वायरी कुरतडतात. दर रविवारी ती खाली येऊन इंजिन सुरू करायची, गाडी हातभर पुढं, हातभर मागं घ्यायची, बॉनेटखाली डांबरगोळ्या टाकायची, खिडक्यांच्या कडांना सिलिकॉन भरायची. हाताला ऑइल लागलेलं असताना तिच्या मनाला जरा टेक मिळे. का, ते तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. वर, चौथ्या मजल्यावर, तसं काही वाईट नव्हतं. उजेड होता, वारा होता. पण सोफ्यावर बसलं की थोड्या वेळानं तिचे पाय आपोआप ताठ व्हायचे, बसमध्ये ब्रेक लागण्याआधी होतात तसे. आता फरशी हलेल असं वाटायचं. ती हलत नसे, आणि न हलण्याचीच धास्ती वाटायची. मग ती उठून उगाच कपाट आवरायची, गॅलरीत जायची, परत यायची. नगररचनेच्या ऑफिसात तर तिच्या खुर्चीला सगळे हसत. मॅडम बसल्यात की निघाल्यात, असं म्हणत.

सौरभनं गॅलरीतून हाक मारली. “दीक्षा, तो केदार दुपारी येतोय बघायला. टाकी रिकामी कर, आतून पुसून घे. आणि जरा फिरवून आण, टायर बरे दिसतील.” केदार म्हणजे गाडी घेणारा. हे ठरलेलं होतं. सौरभनं शांतपणे समजावून सांगितलं होतं आणि त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. तिनं टाकीचा कॉक उघडला. पाणी पार्किंगच्या उतारावरून घरंगळत गेलं. ती ते बघत उभी राहिली आणि तिला बुधवार पेठेतला एक जिना आठवला. शिकायला पहिल्यांदा पुण्यात आली तेव्हा पुस्तकांच्या दुकानांच्या वरची ती खोली कोणीतरी सुचवली होती. दारात बाई उभ्या होत्या, स्वच्छ, नीटनेटक्या, आवाज अगदी मऊ. “आपलं आडनाव काय म्हणालात?” “मेश्राम.” “अच्छा. अहो, काय झालं, खोली कालच गेली हो.” त्यांच्या खांद्यावरून रिकामी खाट दिसत होती, गुंडाळलेली गादी दिसत होती. दीक्षा “असं होय” म्हणाली आणि जिना उतरली. त्यानंतर असे पुष्कळ जिने ती चढली आणि उतरली. कोणी तिचा अपमान केला नाही. सगळे अहो-जाहो करत. तिला वाटायचं, एकानं तरी दार आपटावं, म्हणजे आपल्यालाही ओरडता येईल. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, कर्ज काढून हा फ्लॅट झाला, आणि जिने चढणं संपलं. पण पाय काही थांबायला तयार नव्हते.

“अवं, हे बंद कर. पानी कायले सांडवून राहिली?” मागून आईचा आवाज आला. सुंदराबाई, तिची आई, गुडघे धरत धरत पार्किंगमध्ये आली होती. दीक्षाचे बाबा, कचरू मेश्राम, गेल्या वर्षी गेले, आणि दिवाळीनंतर दीक्षानं आईला भंडाऱ्याहून इकडं आणलं. आईनं अजून गाडी आतून पाहिली नव्हती. ते सौरभचं खेळणं आहे, असं ती धरून चालली होती. आज विकायची म्हटल्यावर बघू तरी म्हणून उतरली असावी. दीक्षानं हात पुढं केला, पण आईनं तो घेतला नाही. दाराच्या दांडीला धरून, आधी डावा पाय, मग अंग तिरकं करून ती अशी सहज वर चढली की दीक्षा बघतच राहिली. आईनं हात वर करून छताला लावला. ओट्यावरून बोटं फिरवली. मग पलंगाच्या कडेवर बसली.

“उंचीनं बरी हाय. डब्यात तुह्या बाबाले वाकून उभं राहा लागे.”

“कुठल्या डब्यात?”

“अवं, रोलरच्या डब्यात. तुले आठवत नाही? चालाले त्याच्यातच तं शिकली तू.”

डबा. हा शब्द दीक्षानं लहानपणापासून ऐकला होता. ‘डब्यात होतो तवा’, ‘डब्याच्या टायमाले’. आई-बाबांच्या बोलण्यात तो इतक्या वेळा येई की तिनं लहानपणीच ठरवून टाकलं होतं, डबा नावाचं एक गाव असणार, भंडाऱ्याच्या पलीकडं कुठंतरी, आणि तिथं बाबांची बदली झालेली असणार. मोठी झाल्यावर त्या समजुतीकडं तिनं पुन्हा वळून पाहिलंच नाही. बाबा बांधकाम खात्यात रोलर चालवायचे हे तिला माहीत होतं. ते रोज घरून जाऊन रोलर चालवत, असं ती समजून होती. आता आई सांगत होती की घर वेगळं नव्हतंच. सडकेचं काम जिथं, तिथं रोलर, आणि रोलरच्या मागं साखळदंडानं जोडलेली टिनाची एक खोली, लोखंडी चाकांची. त्यात चूल, खाट, पेटी, पाण्याचा माठ. रोलर माणसाच्या चालीनं पुढं जायचा आणि घर त्याच्यामागं. आई कधी आत बसे, कधी बाजूनं चालत चालत भाजी निवडे. दीक्षाला एकदम तळपायांत काहीतरी जाणवलं. तापलेला टिन. डांबराचा वास, नाकात नाही, पार घशात. एक हाताएवढी खिडकी आणि तिच्यातून एकामागून एक, अगदी सावकाश, मुळीच घाई न करता चालत जाणारी झाडं. हे तिला नेहमीच दिसत आलं होतं. आजारपणात, झोप आणि जाग यांच्या मधे. ती त्याला स्वप्न म्हणायची. झाडं चालत नाहीत, म्हणून ते स्वप्न.

“चल,” ती आईला म्हणाली. “मांजरीपर्यंत चक्कर मारून येऊ. टायर मोकळे होतील.”

आई पुढच्या सीटवर बसली, पदर खोचून. सोलापूर रस्त्याला नेहमीची गर्दी होती; रिक्षा, बस, दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या मोटरसायकली. आई समोर टक लावून बघत होती. “लई जोरात पळते बाप्पा,” एवढंच एकदा म्हणाली. मांजरीचा फाटा आला आणि गेला. दीक्षानं ठरवून काही केलं नाही. परत वळायला उजवीकडं घ्यायला हवं होतं आणि उजव्या लेनमध्ये एक ट्रक होता, एवढंच झालं. मग लोणी गेलं, उरुळी गेली, आणि ऊस सुरू झाला.

“आई, तुला आवडायचं तिथं? डब्यात?”

“आता आवडाचं म्हंजे...” आई थांबली. “उन्हाळ्यात भाजून निघो आमी. पान्यासाठी गावात जा लागे, अन् विहिरीवर जे होते ते होतेच. पन पोरी, गावात आपल्या मानसाचं घर कुठं राह्यते, ते का मी सांगू तुले? डबा उभा राहे सडकेवर. सडक सरकारची. पाटलाचं दार सडकेवर, अन् माह्यं बी दार सडकेवर. सकाळी उठून मी दार उघडो तं समोर कोनीच नाही सांगाले, की बाई, तू तिकडच्या अंगाले राय.”

तेवढ्यात दीक्षाचं लक्ष तापमानाच्या काट्याकडं गेलं. इंजिन तापत होतं. यवतच्या अलीकडं एका गुऱ्हाळासमोर तिनं गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं तर वाफ भसकन तोंडावर आली. रेडिएटरच्या नळीचं रबर टोकापाशी फाटलं होतं. वाळलं असणार, उभं राहून राहून. तिनं ते गार होऊ दिलं, फाटका तुकडा सुरीनं कापून काढला आणि उरलेली नळी ओढून पुन्हा पट्टीनं आवळली. हे जमलं. पण पाणी हवं होतं, आणि टाकी तिनं स्वतःच सकाळी रिकामी केली होती.

गुऱ्हाळाच्या सावलीतून एक बाई बघत होत्या. पन्नाशीच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, हाताला रसाचा चिकटा लागलेला. न मागता त्या बादली भरून घेऊन आल्या. “वाईच थांबा, एकदम गार पानी वतू नका, फुटंल,” त्या म्हणाल्या. आणखी एक कळशी त्यांनी आईच्या हाती दिली, प्यायला म्हणून. मग गाडीकडं मान तिरकी करून पाहिलं. “ह्ये काय, घर हाय व्हय आत? म्या मुक्ताई. ह्ये आमचंच गुऱ्हाळ. कुठलं म्हनायचं तुमी?”

“पुण्याचे,” दीक्षा म्हणाली. “हडपसर.”

“आन् मूळचं? आडनाव काय?”

इतक्या वर्षांच्या सवयीनं दीक्षाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. गावाचं नाव सांगायचं, नोकरी सांगायची, बोलणं वळवायचं. “भंडाऱ्याकडचे,” ती म्हणाली, आणि “मी नगररचना—” इथपर्यंत आली, तोच आई वरून, दारातून, म्हणाली, “मेश्राम. बौद्ध हाओत आमी. या ना बाई आत, घर पाहा. चहा मांडतो.”

“आसं व्हय,” मुक्ताई म्हणाल्या. त्यात काहीच नव्हतं. ना वर, ना खाली. त्यांनी पाय झटकले, चपला बाहेर काढल्या आणि आत आल्या. पडदे बघितले, सिंकचा नळ फिरवून बघितला, पलंगाखालचे कप्पे उघडून बघितले आणि प्रत्येक वेळी “आगं बया” म्हणाल्या. आईनं शेगडी पेटवली. ती या ओट्यापुढं आज पहिल्यांदाच उभी होती, आणि तरी तिचा हात चुकत नव्हता. साखर, पत्ती, दुधाची पावडर. पाणी कळशीतलं, म्हणजे मुक्ताईंचंच. दीक्षाच्या डोक्यात हे शब्द आपसूक जुळत गेले: पाणी तिचं, भांडं आपलं. तिला स्वतःची चीड आली. कपात चहा ओतला गेला, कप मुक्ताईंच्या पुढ्यात ठेवला गेला. मुक्ताई बोलत होत्या, सुनेबद्दल, यंदाच्या उसाबद्दल. कप तसाच होता. दीक्षाला दुसरं काही ऐकू येईना. वाफ कमी झाली. वर बारीक साय धरली, सुरकुतली. तिला वाटलं, आपण आता हा कप उचलून सिंकमध्ये ओतावा आणि गाडी सुरू करावी. तिला हेही वाटलं, की या बाईचा हात धरून विचारावं, सरळ सांगा, काय ते एकदाचं सांगा.

“घ्या ना चहा,” आई म्हणाली.

“आवं, म्या च्या सोडलाय. पित्त हुतंय. डाक्टरनं बंद केलाय.”

“मंग पानी घ्या. पानी तं तुमचंच हाय,” आई म्हणाली आणि हसली. मुक्ताईही हसल्या, मोठ्यानं, सगळे दात दिसतील अशा. त्यांनी पेला घेतला, मान मागं टाकली आणि उंचावरून घटाघटा पाणी प्यायल्या, ओठ न लावता. इकडं सगळेच तसं पितात. दीक्षाला हे माहीत होतं. माहीत असूनही ती पेल्याच्या कडेकडं बघत राहिली, जणू तिथं काहीतरी लिहिलेलं वाचता येणार होतं. जाताना मुक्ताई “थांबा, जाऊ नका,” म्हणून गेल्या आणि कागदावर कोमट गुळाचा गोळा घेऊन आल्या. आईचा हात त्यांनी स्वतःच्या हातात खालून धरला आणि त्यावर तो कागद ठेवला. “सांभाळून, आतून गरम हाय आजून.”

रेडिएटर भरून गाडी पुन्हा रस्त्याला लागली. दीक्षा न राहवून म्हणाली, “प्यायल्या नाहीत त्या.”

“नाही पेली.”

“खरंच पित्त असेल?”

“मले काय मालूम?” आई गुळाचा कण जिभेवर ठेवत म्हणाली. “तू सारा वेळ तिच्या हाताकडं पाहून राहिली होती. मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो. तिले गाडी लई आवडली. मी माह्या घरात बसवलं तिले, इचारलं. नाही पेली तं नाही पेली. तो थंडा चहा मीच पेलो मंग. मस्त झाला होता.”

“मग डबा सोडला कशाला? एवढं होतं तर?”

आईनं तोंड पुसलं. “तुह्यासाठी. तुह्या बाबाले नव्हता सोडाचा. किती दिस बोलले नाही माह्याशी. मले बी नव्हता सोडाचा. पन तू दर खेपी नव्या बालवाडीत. नाव पटावर चढे तवरोक रोलर पुढं निघे. तिथली बाई म्हने, रोलरवाल्याची आली का आज. मंग मीच म्हनलं, आता एका जागी बसाचं. पोरगी बसली पाह्यजे. तं ते सायबाच्या पाया पडून भंडाऱ्याच्या डेपोत लागले.” ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. “तू बसली. शिकली. पन बसून बी तुह्ये पाय काऊन असे करते, ते नाही समजत मले. चाल आता, घरी जाऊ. जावई वाट पाह्यत असन.”

घरी म्हणजे कुठं, असं दीक्षानं विचारलं नाही. आईच्या डोळ्यांसमोर हडपसरचा चौथा मजलाच होता, हे उघड होतं. तिच्यापुरतं ते सगळं होऊन गेलेलं होतं. ती दोन्ही घरं जगली होती आणि एक दुसऱ्यासाठी मोडलं होतं, आणि त्याबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. फिरायचं होतं ते दीक्षाला. तिला वाटत आलं होतं की आपण त्या जिन्यांपासून पळतो आहोत, त्या मऊ आवाजांपासून. ते खोटं नव्हतं. पण त्याच्याही आधी, कोणी काही विचारण्याआधी, एक घर चालत होतं आणि ती त्यात चालायला शिकत होती, आणि मग कोणीतरी, तिच्याच भल्यासाठी, ते थांबवलं. राग कोणावर काढायचा? दुभाजकातली वळायची जागा समोर आली. तिनं आरशात पाहिलं, मागं कोणी नव्हतं. वळता आलं असतं. ती जागा बाजूनं निघून गेली.

फोन वाजला. सौरभ होता. तिनं तो स्पीकरवर घेतला.

“कुठं आहेस? केदार येऊन बसलाय.”

“यवतच्या पुढं.”

“पुढं? पुढं म्हणजे?”

“सौरभ, त्याला सांग, गाडी विकायची नाही.”

“आपलं ठरलंय ना दीक्षा?”

“तू ठरवलंस. मी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच.”

“आणि चालवणार कोण? माझी कंबर...”

“मी चालवतेय ना आत्ता.”

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग सौरभ हळू आवाजात म्हणाला, “त्याला काय सांगू मी? चहा करतो आधी. आई बऱ्या आहेत ना? सावकाश चालव.” त्यानं फोन ठेवला. तो रागावला होता आणि त्याचं रागावणं रास्त होतं. संध्याकाळी यावर बोलावं लागणार होतं, उद्याही, कदाचित बरेच दिवस. त्या सगळ्या बोलण्याचा थकवा तिला आत्ताच जाणवला, पण पाय मात्र पेडलवर सैल पडले होते.

वळायची आणखी एक जागा आली आणि गेली. आईनं ते पाहिलं. तिनं एकदा दीक्षाकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं, आणि सीटवरून उठली. “आई, बस, गाडी चालू आहे,” दीक्षा ओरडली. पण आई गुडघे किंचित वाकवून, हात कशालाही न धरता, हेलकाव्याबरोबर अंग सोडत मागं गेली. घरात फरशीवर चाचपडत चालणारी हीच का ती बाई, असं वाटावं. पलंगाची फळी कुरकुरली. चादर ओढल्याचा आवाज आला. पाटसनंतर दीक्षानं हायवे सोडला आणि बाजूचा लहान रस्ता धरला. तो कुठं जातो ते तिला नीटसं माहीत नव्हतं. एकदा तिला वाटलं, मागं आई काहीतरी बोलते आहे. मग कळलं, आई घोरत होती. खोल, संथ, तोंड उघडं टाकून, कोणाच्याही घरी पाहुणी नसलेल्या माणसासारखी.

आता थांबणं शक्य नव्हतं. इंजिन बंद केलं असतं तर आई जागी झाली असती. काटा जागेवर होता, नळी धरून होती. पुढं एका वस्तीपाशी उंच गतिरोधक दिसला. दीक्षानं वेग इतका कमी केला की बाजूनं डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन जाणारी बाई गाडीच्या बरोबरीनं चालू लागली. पुढची चाकं तिनं हलकेच वर घेतली, हलकेच खाली सोडली. मग श्वास धरून मागची.